डाळिंबी गाडीचा मास्क

मुलांनो,

परवा तुमच्या आईने मला एक जुना फोटो पाठवला आणि त्याखाली तुमचा प्रश्न लिहिला: "आजी, हे कोण? आणि त्यांच्या गाडीने मास्क का घातलाय?"

फोटोत एक उंच, सडपातळ गृहस्थ लग्नात नवरामुलगा उभा राहतो तसे ताठ उभे आहेत. शेजारी नवरीच्या जागी डाळिंबी रंगाची गाडी आहे. गाडीच्या नाकावर निळा कापडी मास्क आहे, आणि त्याचे इलॅस्टिकचे पट्टे दोन्ही बाजूंच्या आरशांत कानात अडकवावेत तसे अडकवले आहेत. गृहस्थांच्या तोंडावरही त्याच निळ्या कापडाचा मास्क आहे.

याचं उत्तर एका ओळीत देता येईल. ते आमच्या खालच्या मजल्यावर राहणारे शेजारी, आणि दोन्ही मास्क मी शिवले. पण त्याने तुमचं समाधान व्हायचं नाही आणि माझंही. म्हणून नीट लिहिते. आई वाचून दाखवेल. एखादा शब्द अडला तर तिला विचारा, इंटरनेटला नको.

मी त्यांना भावजी म्हणत असे. नातं काही नव्हतं. ते तुमच्या आजोबांपेक्षा वयाने लहान आणि पहिल्याच भेटीत मला "वहिनी" म्हणाले. मग ते भावजी झाले आणि त्यांची बायको माझी जाऊबाई झाली. इथे हॉलंडात, रायस्वाइकमध्ये, आम्ही नाती अशीच जिन्यात उभ्या उभ्या ठरवली. मूळचे दोघेही साताऱ्याचे. भावजी संगणकाच्या कंपनीत बरीच वर्षं होते, आणि निवृत्तीला थोडीच वर्षं उरली होती.

भावजींचा एकच सिद्धांत होता आणि तो ते बोट वर करून सांगत: "वस्तू वापरायला हरकत नाही वहिनी, पण वापरल्याचं वस्तूला कळता कामा नये."

या सिद्धांतावर त्यांचा संसार उभा होता. टीव्हीचा रिमोट प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवीला रबरबँड. पिशवी जुनी झाली की वरून दुसरी. आतल्या बटणांवरचे आकडे बाहेरून दिसेनासे झाले तेव्हा त्यांनी ते पिशवीवर मार्करने लिहून काढले. फ्रिजच्या मुठीला टॉवेल, मिक्सरला लोकरी टोपडं. ऑफिसचे नवे बूट ते पिशवीतून नेत आणि ऑफिसच्या दारात बदलत, म्हणजे रस्ता जुन्या बुटांच्या वाट्याला येई. डच भाषेच्या वर्गाला जाऊ लागले तेव्हा पुस्तकाला त्यांनी तपकिरी कागदाचं कव्हर घातलं, जूनमध्ये शाळा सुरू होताना घालतात तसं, कोपरे दुमडून, वर चिठ्ठी चिकटवून. ट्राममध्ये ते पुस्तक वाचताना शेजारची बाई जरा सरकून बसली, असं तुमचे आजोबा सांगतात. आजोबांचं सगळं खरं धरू नका, पण हे मला खरं वाटतं.

या देशावर भावजींचा जीव का बसला, ठाऊक आहे? सायकलींच्या सीटमुळे. इथले लोक पावसासाठी सीटला प्लास्टिकची टोपी घालतात, ते तुम्ही पाहिलंच आहे. भावजी म्हणाले, "मी पहिल्या दिवशी स्टेशनबाहेर आलो आणि बघतो तर हजारभर सायकली, आणि जिकडे तिकडे कव्हर! मी हिला तिथेच म्हटलं, आपलं इथे जमणार."

जाऊबाईंचा स्वभाव अगदी उलटा. नवी साडी आणली की त्याच दिवशी नेसायची, नवा कप आणला की त्याच दुपारी चहा त्यातच. त्या मोठ्याने हसत आणि नवऱ्याला सगळ्यांदेखत टोमणे मारत. "माझ्यावर कव्हर घातलं नाहीत हे उपकार," असं एकदा हळदीकुंकवात म्हणाल्या, तेव्हा मला तोंडाला पदर लावावा लागला.

इतकी वर्षं दोघांनी सायकलवर काढली. मग जाऊबाईंचा गुडघा दुखायला लागला आणि गाडी घ्यायचं ठरलं. रंग जाऊबाईंनी निवडला. सोललेल्या डाळिंबाचा हवा, त्याहून फिका नको. तसा रंग मागणीप्रमाणे तयार होऊन यायचा होता, त्याला वेळ लागणार होता. तेवढ्यात साताऱ्याला त्यांच्या आई पडल्या, मांडीचं हाड मोडलं. जाऊबाई घाईघाईने निघाल्या. "महिन्याभरात येते. तोवर गाडी आली तर जपा. पहिला ओरखडा माझ्या हातून पडला पाहिजे, म्हणजे पुढच्या ओरखड्यांवरून तुम्हाला जन्मभर कुणाला बोलता येणार नाही."

मग महामारी आली आणि विमानं थांबली. पुढे विमानं सुरू झाली तेव्हा त्यांच्या आईंना सोडून येण्यासारखं राहिलं नव्हतं. महिन्याभराचं काम लांबतच गेलं. तुम्हालाही आठवत असेल, आपणही तेव्हा एकमेकांना फोनच्या काचेतच पाहत होतो. तुमचे पुढचे दात पडलेले मी तिथेच पाहिले, आणि नवे आलेलेही तिथेच.

गाडी आली ती दसऱ्याच्या तोंडावर. भावजींनी पूजा केली, पण हळदकुंकू रंगाला लागायला नको म्हणून बॉनेटवर आधी तपकिरी कागद अंथरला. आम्ही अंतर राखून उभे होतो आणि माझ्या हातातल्या फोनवर साताऱ्याहून जाऊबाई बघत होत्या.

"अहो, हे काय? पूजा गाडीची झाली की कागदाची?"

"गाडीलाच पोचते ती. कागद पातळ आहे."

"आणि गोड मलाही असंच कागदातून पोचवणार का?"

भावजी हसले नाहीत. कागदाची घडी घालत मला हळूच म्हणाले, "वहिनी, ती येईल तेव्हा गाडी आज आहे तश्शी दिसली पाहिजे. आईच्या उशाशी बसून तिचं सगळं राहून गेलं. निदान गाडीचा पहिला दिवस तिच्यासाठी राहू दे."

तेव्हा मला त्यांच्या घरातल्या अवस्थेचाही उलगडा झाला. नवा सोफा आला होता, त्याचं प्लास्टिक काढलेलं नव्हतं. नव्या टेबलाच्या पायांना पुठ्ठे तसेच. भावजी सतरंजीवर बसून जेवत. मी दारातून विचारलं, तर म्हणाले, "तिने उद्घाटन करायचंय."

आता मुख्य अडचण सांगते. गाडीचं सर्वांत नाजूक अंग म्हणजे तिचं नाक. बंपर, बॉनेटची पुढची कड आणि दिव्यांच्या मधला भाग. पुढच्या गाड्यांच्या चाकांखालून उडणारे खडे नेमके तिथे येऊन आदळतात, आणि हिवाळ्यात ते जास्तच उडतात. रस्ता गोठू नये म्हणून गेमेन्टेची, म्हणजे इथल्या नगरपालिकेची, गाडी केशरी दिवा फिरवत मीठ टाकत जाते. शेतांजवळ ट्रॅक्टर ओल्या मातीची ढेकळं सांडतात. खडा लागला की रंगाचा टवका उडतो आणि मिठाचं पाणी तिथून आत शिरून पत्र्याला गंज चढवतं. हे सगळं मला भावजींनी शिकवलं, न विचारता, आणि अनेकदा.

म्हणून गाडी चालवताना त्यांनी स्वतःचा नियम केला. "सरकार म्हणतं, माणसापासून दीड मीटर. मी म्हणतो, ट्रकपासून दीडशे."

त्या दिवाळीत लायडनला एक मराठी बाई फराळ करून देत होत्या. दारात ठेवलेला डबा उचलायचा आणि खिडकीतून हात करायचा, एवढीच भेट. भावजी म्हणाले, "चला, मी नेतो." आम्ही मास्क लावून मागे बसलो, खिडक्या थोड्या उघड्या. जाताना सगळं ठीक होतं. येताना हायवेवर पुढे खडीचा ट्रक आला. भावजींनी वेग कमी केला. झालेल्या मोकळ्या जागेत दुसरी गाडी शिरली, म्हणून त्यांनी आणखी कमी केला. तिथे तिसरी शिरली.

"अहो," तुमचे आजोबा म्हणाले, "असेच मागे मागे जात राहिलो तर लायडन परत येईल."

"ट्रक जाऊ दे ना पुढे. आपल्याला काय घाई आहे?"

"घाई नाही. भूक आहे."

शेवटी भावजींनी हायवे सोडला आणि शेतांमधल्या अरुंद रस्त्याला लागले. तिथे आमच्या पुढे ट्रॅक्टर आला. तो माती सांडत चालला होता, आणि त्याला ओलांडायचं तर त्याच्या मागोमाग जावं लागणार. भावजी गाडी कडेला घेऊन ट्रॅक्टर दिसेनासा होण्याची वाट पाहू लागले. तो दिसेनासा झाल्यावर आम्ही निघालो, आणि तेवढ्यात आवाज आला.

टक्.

भावजींनी ब्रेक दाबला. "लागला!"

ते उतरले आणि गाडीसमोर उकिडवे बसले. मोबाइलचा दिवा लावून, डोळे बारीक करून, दाताच्या डॉक्टरसारखे इंच इंच नाक तपासू लागले. बोटाच्या टोकाने चाचपून पाहिलं. बाहेर गार वारा सुटला होता, त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते वाऱ्यामुळे असावं अशी मी आशा करत होते.

"काही नाही दिसत," ते आत येऊन म्हणाले. "पण आवाज तर झाला. तुम्ही ऐकलात ना वहिनी?"

मी ऐकला होता. मी शेजारी वळून पाहिलं. तुमच्या आजोबांचा मास्क हनुवटीखाली होता, मांडीवर डबा उघडा होता आणि हातात अर्धी चकली होती.

"कडक झाल्यात," आजोबा म्हणाले.

भावजी चार दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत. पाचव्या दिवशी ते दारात उभे राहिले. तेव्हा घरी एका वेळी एकच पाहुणा चालत असे, आणि ते नियमाने एकटेच येत. दुसरं होतंच कोण. मी मशीनवर मास्क शिवत बसले होते. शेजारच्या इमारतीतल्या म्हाताऱ्यांना, किराणा आणून देणाऱ्या मुलींना, ज्याला हवा त्याला मी शिवून देत असे. भावजी दोन मिनिटं माझ्या हातांकडे बघत उभे राहिले.

"वहिनी, यात माणसाचं नाक राहतं सुरक्षित?"

"असं म्हणतात."

"मग मोठ्या मापाचा शिवाल?"

मला वाटलं, कुणाला तरी मोठी दाढी असेल.

आजोबांनी त्यांना शहाणपणाचा रस्ता सुचवून पाहिला. गाडीच्या नाकाला पारदर्शक फिल्म चिकटवून मिळते, मोबाइलच्या काचेला लावतात तशी, पण जाड. खडे तीच झेलते. भावजींना ते ठाऊक होतं. त्यांनी दुकानात फोनही केला होता.

"मग घ्या ना लावून."

"त्यांना विचारलं, खडा लागला की फिल्मला काही होत नाही ना? तर म्हणे, हळूहळू होतं, मग बदलायची. मी विचारलं, मग फिल्मच्या संरक्षणाला वरून काय लावायचं? त्यांनी फोनच ठेवला."

असा हा मास्क ठरला. काम हातात घेतलं की मी ते रीतसर करते. आधी जुन्या वर्तमानपत्रांचा कागदी नमुना कापला. भावजी गाडीसमोर गुडघे टेकून माप सांगत, मी वरच्या मजल्यावरच्या गॅलरीत उभी राहून लिहून घेत असे. "कपाळ रुंद आहे वहिनी, गालांकडे जरा निमुळती घ्या!" असं ते खालून ओरडत, आणि रस्त्याने जाणारे डच लोक वर बघत. बाहेरून जुन्या तंबूचं निळं कापड, पाणी न धरणारं. आतून मऊ फ्लॅनेल, तुमच्या आईच्या दुपट्यांतलं उरलेलं. दिव्यांना आणि नंबरप्लेटला मोकळी जागा ठेवली.

फिटिंगच्या वेळी आजोबा म्हणाले, "सगळं छान आहे. पण ही श्वास कुठून घेणार?"

खरंच की. इंजिनला हवा लागते. मी जाळीच्या जागी कापड कापून तिथे मच्छरदाणीचा तुकडा बसवला. मग भावजींनी इलॅस्टिकचे पट्टे आरशांना अडकवले, दोन पावलं मागे गेले आणि खिशातून स्वतःचा मास्क काढून लावला. उरलेल्या निळ्या कापडाचा मी त्यांनाही एक शिवला होता. तुमचा फोटो त्याच क्षणाचा आहे.

गल्लीत त्या हिवाळ्यात दुसरी करमणूक नव्हती. लोक फेरफटका मारताना मुद्दाम आमच्या इमारतीवरून जाऊ लागले. समोरच्या घरात एक उंच डच बाई एकट्या राहत. त्या मनात आलेलं तोंडावर बोलत, इथे तसं चालतं. त्या पुढे येऊन भावजींना म्हणाल्या, "तुमच्या गाडीला कोरोना झालाय?"

"नाही, नाही. होऊ नये म्हणून."

"मग ती घरात का नाही बसत? आम्ही सगळे बसतोय."

दुसऱ्या दिवशी वायपरखाली एक कार्ड निघालं. इथे आजारी माणसाला बरं वाटण्यासाठी पाठवतात तसलं, फुलांचं चित्र असलेलं. मग आणखी एक आलं, कुणा लहान मुलाने रंगवलेलं, त्यात गाडीच्या तोंडात थर्मामीटर होता. भावजींनी दोन्ही कार्डं प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवली.

फेब्रुवारीत भरपूर बर्फ पडला. कालवे गोठले, लोक स्केट्स बांधून त्यांवर उतरले. मिठाच्या गाड्या सारख्या फिरत होत्या. बाकीच्या गाड्यांची तोंडं पिठात बुडवल्यासारखी पांढरी झाली होती, आणि आमची निळा मास्क लावून दिमाखात उभी. भावजी आठवड्यातून एकदा हायवेवर चक्कर मारून येत, बॅटरी उतरू नये म्हणून. मास्कसकट. वाऱ्याने तो फडफडतो असं आजोबांनी एकदा सांगितलं, तर भावजी म्हणाले, "फडफडू दे. त्याला लागतंय, गाडीला नाही ना लागत."

मार्चमध्ये ऊन पडलं. जाऊबाईंच्या आई आता काठी घेऊन चालू लागल्या होत्या, भाऊ घरी आला होता, आणि एप्रिल संपतानाचं जाऊबाईंचं तिकीट काढलं होतं. पाडव्याच्या सकाळी भावजींनी मास्क उतरवायचा मुहूर्त धरला. आम्ही दोघं खाली गेलो. समोरच्या डच बाई खुर्ची घेऊन दारात बसल्या. भावजींनी एक पट्टा सोडला, दुसरा सोडला आणि सत्कारमूर्तीची शाल उतरवावी तसा मास्क हळूच काढला.

बाकीची गाडी डाळिंबी होती. नाक नव्हतं.

टवका एकही नव्हता, तेवढं खरं. पण मास्कखालचा सगळा भाग वाफ धरलेल्या आरशासारखा धुरकट झाला होता. रंग होता, पण त्यातली चमक निघून गेली होती. मास्कची कड जिथे टेकत होती तिथे तर स्पष्ट रेघ दिसत होती. मी मास्क उलटा केला. माझ्या मऊ फ्लॅनेलमध्ये बारीक वाळू आणि मीठ खच्चून भरलं होतं. मच्छरदाणीतून आत जात राहिलं असणार, आणि वारा प्रत्येक चकरेला ते रंगावर घासत राहिला असणार. सगळा हिवाळा आम्ही गाडीला नाकावर पॉलिशपेपर बांधून फिरवलं होतं. ज्या भागावर काहीच घातलं नव्हतं, तो नव्यासारखा होता.

डच बाई खुर्चीवरून उठून आल्या, वाकून बघितलं आणि या वेळी काहीच बोलल्या नाहीत. त्यांच्या बाबतीत ती फार मोठी सहानुभूती होती.

भावजींनी मास्कची घडी घातली, चार कोपरे जुळवून. "शिवण उत्तम आहे वहिनी," एवढंच म्हणाले आणि घरात गेले.

त्यानंतर पंधरवड्याने भारतातून येणारी विमानं पुन्हा थांबली. जाऊबाईंचं तिकीट रद्द झालं. त्या दिवशी भावजी जिन्यात भेटले तेव्हा मी म्हटलं, "फार वाईट झालं हो." ते म्हणाले, "हो. पण वहिनी, त्यातल्या त्यात गाडीला सवड मिळाली." असं म्हणून ते हसले, आणि मला ते हसू बघवलं नाही.

उन्हाळाभर त्यांनी नाक घासलं. हे मलम, ते पॉलिश, मऊ फडकी. थोडा फरक पडला, पण रेघ जाईना. आणि जाऊबाई तर फोनवर गाडी रोज बघायला मागत. भावजी त्यांना गाडी मागून दाखवत, बाजूने दाखवत, डिकी उघडून दाखवत.

"समोरून दाखवा की एकदा."

"समोरून ऊन येतं डोळ्यावर."

"हॉलंडमध्ये? ऊन?"

"हल्ली येतं."

मग जाऊबाई मला फोन करायच्या. "जाऊबाई, हे काहीतरी लपवतायत. ठोकलीय का?" मी म्हणायचे, ठोकलेली नाही. ते शंभर टक्के खरं होतं. पुढे त्या काही विचारायच्या आत मी त्यांच्या आईची चौकशी करायचे.

दसऱ्याच्या दोन दिवस आधी जाऊबाई खरंच आल्या. भावजी आदल्या सकाळीच आमच्याकडे येऊन म्हणाले, "स्किपोल विमानतळावर तुम्ही दोघं चला. चारचौघांत ती जास्त बोलणार नाही."

"तुमची बायको?" आजोबा म्हणाले. "चारचौघांत?"

तरी आम्ही गेलो. भावजींनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि, मी लक्ष देऊन पाहिलं, नवे बूट थेट पायात होते. पार्किंगमध्ये त्यांनी गाडी नाक भिंतीकडे करून इतकी पुढे लावली की मध्ये मांजरही शिरलं नसतं. जाऊबाई ढकलगाडी घेऊन बाहेर आल्या, वाळलेल्या, केस पिकलेल्या, पण चालीवरून लांबूनच ओळखू येणाऱ्या. दोघं एकमेकांसमोर उभे राहिले. भावजी म्हणाले, "बॅगेची चाकं ठीक आहेत ना?"

"चाकं ठीक आहेत. मी पण ठीक आहे."

गाडीपाशी आल्यावर त्यांनी सामान तिथेच सोडलं. मागून पाहिली. दरवाज्यावरून हात फिरवला. "हाच रंग. बाई गं, हाच." मग त्या पुढे निघाल्या. भावजी त्यांच्या आधी पुढे गेले आणि गाडीच्या पुढच्या कोपऱ्याशी भिंतीला टेकून वाट अडवून उभे राहिले.

"बाजूला व्हा."

"इथे अंधार आहे. घरी गेल्यावर बघ निवांत."

"आधी बाजूला व्हा. नाही तर गाडी मागे घ्या."

भावजींनी गाडी मागे घेतली. जाऊबाई समोर जाऊन उभ्या राहिल्या. मी तुमच्या आजोबांचा हात धरला. कितीतरी महिने त्या माणसाने जो एक दिवस बाजूला काढून ठेवला होता, तो आता उघडा पडला होता.

"हे काय झालं?"

भावजी उतरले. "मास्क."

"कुणाचा मास्क?"

"गाडीचा. खडे लागू नयेत म्हणून. आतून वाळू गेली आणि..." त्यांनी हाताने रेघ पुसून पाहिली. "तुला नवी दाखवायची होती. नव्यासारखी नाही, नवी. ते नाही जमलं."

जाऊबाई क्षणभर नाकाकडे बघत राहिल्या. मग त्यांनी स्वतःचा मास्क काढला, जाड, पांढरा, घट्ट बसणारा, साताऱ्याहून निघाल्यापासून तोंडावर असलेला. त्यांच्या नाकावर आडवा लाल वळ होता, आणि दोन्ही गालांवरून हनुवटीपर्यंत मास्कची कड उमटली होती. स्पष्ट रेघ. आतला भाग फिकटलेला, बाहेरचा तसाच.

"बघा," त्या म्हणाल्या. "दोघी एकाच कंपनीच्या दिसतोय की नाही?"

आणि त्या हसल्या. ते मोठं हसू त्या पार्किंगमध्ये घुमलं, लांबवर दोन माणसं वळून बघायला लागली. तुमच्या आजोबांनी माझ्या हातातून हात सोडवून घेतला, कारण त्यांना डोळे पुसायचे होते. भावजी आधी गाडीच्या नाकाकडे बघत होते, मग बायकोच्या. मग फक्त बायकोकडे बघत राहिले.

"दुखतंय का गं?" त्यांनी विचारलं.

"आता नाही."

परतीच्या वाटेवर जाऊबाई पुढे बसल्या आणि बोलायला लागल्या. आईंच्या काठीबद्दल, आईंनी ती काठी चालण्याऐवजी भावाला दटावायला कशी वापरली, शेजारच्यांनी लसीच्या रांगेत कसा नंबर धरला, एका माकडाने आईंचा चष्मा कसा पळवला आणि केळ्याच्या बदल्यात कसा परत दिला. भावजी ऐकत होते. त्यांची मान सारखी डावी-उजवीकडे होत होती, रस्ता आणि बायको, रस्ता आणि बायको. पुढे एक मोठा ट्रक होता. मातीने लडबडलेला, भरलेला. भावजी त्याच्या अगदी मागे होते. मला वाटलं सांगावं, पण जाऊबाई चष्म्यावर पोचल्या होत्या.

टक्.

या वेळी आवाज मोठा होता, बॉनेटच्या कडेवर, नेमका पुढे. मी दचकून आजोबांकडे पाहिलं. त्यांनी दोन्ही हात वर करून मला रिकामे दाखवले.

जाऊबाई बोलायच्या थांबल्या.

"मग?" भावजी म्हणाले. "पुढे काय झालं? केळं कुणी आणलं?"

तुमची,
आजी